वाड्यातली फुलबाग आणि दोन वसंत

दांडियाबाजारातील आमच्या जुन्या वाड्याच्या मागच्या चौकात अठरा हात लांब आणि चार हात रुंद असा फुलझाडांचा एक वाफा आहे. बडोद्यात वाढलेल्या आमच्या पिढ्यांनी त्याला वाफा असे क्वचितच म्हटले. गुजराती शब्द उचलून आम्ही त्याला ‘क्यारा’ म्हणत आलो. गेल्या आश्विनात हा क्यारा खणला गेला नाही. घरातील वहीचा दाखला खरा मानला, तर सुमारे नव्वद वर्षांत असे प्रथमच घडले. वाड्याचे आम्ही चार वाटेकरी. वाडा पाडून तेथे सदनिका बांधण्याचा करार झाला आहे, आणि उद्या पडायच्या जागेत आज कुदळ कशाला चालवायची, असा विचार सर्वांनीच केला. मीही केला, हे कबूल केले पाहिजे.

त्यामुळे माघातल्या वसंतपंचमीला मंडळाच्या सरस्वतीपूजनासाठी मला खंडेराव मार्केटपाशी जाऊन फुले विकत घ्यावी लागली. पूजेनंतर एका तरुण सभासद भगिनींनी सहज विचारले, “काका, वसंतासाठी घरची बाग तयार करायची आहे. आता सुरुवात केली तर चालेल का?” मी म्हणालो, “एका वसंताला तुम्ही चार महिने उशीर केला आहे, आणि दुसऱ्याच्या तयारीचे दोन-चार दिवस अजून हातात आहेत.” त्यांना ते कोडे वाटले. ते उलगडून सांगताना लक्षात आले, की बडोद्याच्या मराठी घरांतील फुलबागेचा सारा इतिहासच या दोन वसंतांत सामावलेला आहे. महसूल खात्यात चौतीस वर्षे जुनी दप्तरे चाळण्यात गेली. तीच सवय कामी लावून हे टिपण वाचकांपुढे ठेवतो.

वसंत नेमका कधी?

आपले पंचांग चैत्र-वैशाखाला वसंत म्हणते. पण वसंतपंचमी येते माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे नावाने ऐन शिशिरात. बडोद्याच्या हवेशी ताडून पाहिले, तर या विसंगतीत अर्थ दिसू लागतो. येथे पौष-माघात पहाटेची थंडी असते आणि दुपारचे ऊन सोसवते. मार्च अर्धा सरला की ऊन चढते, आणि एप्रिलच्या अखेरीस पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. ज्या फुलांना थंडी हवी, त्यांचा बहर माघ-फाल्गुनात येतो आणि होळीनंतर करपतो. ज्यांना ऊन हवे, तो मोगरा, ती जाई-जुई त्यानंतर हसू लागतात. एक वसंत माघाचा आणि एक चैत्राचा. दोहोंचा स्वभाव वेगळा, झाडे वेगळी, तयारीचा महिनाही वेगळा. माघाच्या वसंतासाठी आश्विनात खणावे लागते. चैत्राच्या वसंतासाठी पौष-माघात छाटावे लागते. पहिला वसंत आपल्या घरांत तुलनेने अलीकडे आला. दुसरा फार जुना आहे. म्हणून आधी जुन्याकडे वळू.

पूजेची फुले आणि न्हाणीचे पाणी

घराला लागून फुलबाग असावी ही कल्पना या देशात किती जुनी आहे, याचा एक दाखला वात्स्यायनाच्या कामसूत्रात सापडतो. गृहिणीच्या कर्तव्यांच्या प्रकरणात त्याने घरच्या बागेची जबाबदारी तिच्याकडे दिली आहे. कुब्जक, आवळा, मल्लिका, जाती, कोरांटी, नवमालिका, तगर, नंद्यावर्त, जपा ही झाडे तेथे लावावीत आणि मधोमध विहीर, बारव किंवा तळे खणवावे, असे तो सांगतो. भाज्यांचे बी योग्य वेळी धरून ठेवावे आणि योग्य वेळी पेरावे, ही सूचनाही त्याच प्रकरणात आहे. यादीतील मल्लिका म्हणजे आपला मोगरा, जाती म्हणजे जाई आणि जपा म्हणजे जास्वंद. माझ्या आजीच्या क्याऱ्याच्या कडेला यांतील पाच झाडे उभी होती. तिने तो ग्रंथ पाहिलाही नसेल.

महाराष्ट्रातील वाड्यांत हीच परंपरा देवपूजेच्या अंगाने टिकली. पुढच्या चौकात तुळशीवृंदावन. मागे पारिजातक, तगर, जास्वंद, कण्हेर, मोगरा. आणि एखाद्या कोपऱ्यात चैत्रात देवाला वाहायचा दवणा. शोभेपेक्षा नित्याच्या परडीचा हिशेब मोठा होता. गणपतीला जास्वंद, शंकराला पांढरे फूल, देवीला लाल फूल असे वर्षभर काही ना काही निघाले पाहिजे, हा त्यामागचा विचार.

बागेचा प्रश्न मुळात पाण्याचा प्रश्न असतो, हे पुण्याच्या इतिहासात ठळकपणे दिसते. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजचे पाणी नळाने पुण्यात आणले आणि जागोजागी हौद बांधले. पर्वतीच्या पायथ्याचे तळे, सारसबाग आणि हिराबाग ही त्यांच्याच काळाची देणगी. पुढे सवाई माधवरावांसाठी शनिवारवाड्यात हजारी कारंजे उभे राहिले. पण ही झाली राजघराण्याची आणि सरदारांची ऐपत. सामान्य घरात आडाचे पाणी शेंदून काढावे लागे आणि ते फुलझाडांना घालणे ही चैन ठरे. त्यामुळे झाडे लागत ती न्हाणीघराच्या आणि भांडी घासण्याच्या मोरीच्या वाटेवर. आमच्या वाड्यातही न्हाणीचे पाणी आधी कर्दळीला, मग अळूला आणि शेवटी मोगऱ्याला मिळे.

अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पिलाजीराव गायकवाडांबरोबर मराठी माणसे गुजरातेत येऊ लागली आणि १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले. शिलेदार, कारकून, पुरोहित, वैद्य अशी कुटुंबे येथे स्थिरावली तेव्हा त्यांनी देव आणले, तुळस आणली, आणि परडीची रीत आणली. झाडे मात्र बरीचशी येथेच भेटली, कारण ती येथेही होती. नावे तेवढी बदलली. जास्वंदीला शेजारी ‘जासूद’ म्हणत, कण्हेरीला ‘करेण’, सदाफुलीला ‘बारमासी’. आमच्या घरात दोन्ही नावे चालत, आणि कोणते नाव मूळचे हे मुलांना कळत नसे.

झेंडू कोणाचा?

ज्यांना आपण अस्सल घरची समजतो त्या फुलांपैकी कितीतरी परदेशी आहेत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. ज्याच्या तोरणाशिवाय दसरा होत नाही तो झेंडू मेक्सिको आणि मध्य अमेरिका या भागांतला. पोर्तुगीजांची जहाजे गोव्याला लागू लागल्यानंतर तो आपल्याकडे आला. निशिगंधाचे मूळही मेक्सिकोत आहे. संस्कृत वळणाचे हे नाव त्याला नंतर मिळाले, आणि गुलछडी हे फारशी वळणाचे नावही त्याच्याबरोबर चालत राहिले. गुलबक्षी, पिवळी कण्हेर आणि देवळापुढचा पांढरा चाफा ही तिन्ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतली. बाराही महिने फुलणारी सदाफुली मादागास्कर बेटावरची, तर शेवंती चीनमधली.

देवाणघेवाण दुसऱ्या बाजूनेही झाली. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने इकडच्या औषधी द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात पारिजातकाला ‘दुःखी वृक्ष’ अशा अर्थाच्या नावाने स्थान मिळाले आहे. रात्री फुलून पहाटे सारी फुले टाकून देणारे झाड पाहून त्या परक्या माणसाला दुःख आठवले. आपल्या आयाबायांनी मात्र त्याच फुलांचा सडा परडीत वेचून घेतला, आणि जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये या नियमाला त्याच्यापुरता अपवाद केला.

हे सांगण्याचा हेतू एवढाच, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती म्हणून ज्या फुलांकडे आपल्या आजेपणजे संशयाने पाहत, ती काही पहिली परकी फुले नव्हती. त्यांच्याआधी आलेली फुले तोवर देवघरात पोहोचली होती.

सयाजीरावांचा काळ

बडोद्याच्या घरबागेला खरे वळण लागले ते श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत. १८७५ साली ते गादीवर आले. विश्वामित्रीच्या काठची सयाजीबाग, जिला जुनी मंडळी अजून कमाटीबाग म्हणतात, १८७९ सालची. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला आणि त्याच्या बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानरचनाकाराने केली. पण सामान्य घरांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे साल १८९२ हे आहे. त्या साली आजव्याच्या जलाशयाचे पाणी नळाने शहरात आले. कात्रजच्या पाण्याने पुण्यात जे केले, तेच दीड शतकानंतर आजव्याच्या पाण्याने बडोद्यात केले. फरक इतकाच, की हे पाणी हळूहळू साध्या कारकुनाच्या चौकातही पोहोचले. न्हाणीच्या सांडपाण्यावर पेटुनिया येत नाही. त्याला झारीने घातलेले स्वच्छ पाणी लागते.

पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, गुस्ताव्ह हर्मान क्रुंबिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ संस्थानच्या बागांचा प्रमुख म्हणून बडोद्यास आला. ड्रेसडेनजवळ जन्मलेल्या या गृहस्थाने लंडनच्या हाइड पार्कमध्ये आणि क्यू येथील वनस्पती-उद्यानात काम केले होते. पुढे १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळूरच्या लालबागेशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. एका जातीच्या झाडांचा बहर ओसरतो तोच दुसऱ्या जातीचा सुरू व्हावा, अशा क्रमाने रस्त्यांवर झाडे लावण्याचे त्याचे तत्त्व बंगळूरमध्ये नावाजले गेले. म्हैसूरला जाण्यापूर्वीची त्याची उमेदीची वर्षे बडोद्यात गेली, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते.

याच सुमारास हिंदुस्थानातील ऋतूंना धरून बागकाम शिकवणारी इंग्रजी पुस्तके उपलब्ध झाली होती. बंगालमधील धर्मोपदेशक फर्मिंजर यांचे पुस्तक १८६० च्या दशकातले. पुण्याच्या गणेशखिंड वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक वुड्रो यांचे पुस्तक १८७० च्या दशकातले. इंग्लंडात वसंतात पेरून उन्हाळ्यात फुलणारी हंगामी फुले या देशात पावसाळा संपल्यावर पेरावीत आणि हिवाळ्यात फुलवावीत, हा या सगळ्या शिकवणीचा गाभा. इंग्रजांच्या उन्हाळ्याला आमचा हिवाळा जवळचा, हे साहेबाला उमगले आणि माघाचा वसंत बंगल्यांच्या आवारात अवतरला. पुण्यात १८८४ साली स्थापन झालेल्या पोचा यांच्या पेढीसारख्या बियाण्यांच्या दुकानांतून बियांची पाकिटे टपालाने मागवता येऊ लागली, आणि बंगल्यातले फूल वाड्यात शिरले.

या फुलांच्या कुळकथा मनोरंजक आहेत. स्वीट पी हे मूळ सिसिली बेटावरचे. तेथील कुपानी नावाच्या साधूने १६९९ साली त्याचे बी इंग्लंडला धाडले. पेटुनिया दक्षिण अमेरिकेतली. डेलिया, झिनिया आणि कॉसमॉस मेक्सिकोचे. फ्लॉक्सचे बी थॉमस ड्रमंड या स्कॉटिश संग्राहकाने टेक्सासमध्ये गोळा करून १८३५ साली विलायतेस पाठवले, आणि त्याच वर्षी तो क्यूबात मरण पावला. आपण पाठवलेले फूल बागेत फुललेले त्याला पाहता आले नाही. शंभर वर्षांनंतर ते दांडियाबाजारातल्या एका चौकात फुलणार होते.

साहित्याच्या अंगानेही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०९ साली मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले, त्याचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा कीर्तिकर. हे कवी होते, लष्करी वैद्यक सेवेतले अधिकारी होते, आणि नाणावलेले वनस्पतिशास्त्रज्ञही होते. भारतीय औषधी वनस्पतींवर बामनदास बसू यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला प्रचंड ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडांची शास्त्रीय नावे जाणणारा माणूस मराठी सारस्वतांच्या मेळाव्याचा अध्यक्ष व्हावा आणि तो मेळावा बडोद्यात भरावा, हे त्या काळाच्या वृत्तीला शोभणारेच होते.

आजोबांची वही

माझे आजोबा संस्थानच्या हिशेब खात्यात कारकून होते. त्यांनी बागेची एक वही ठेवली होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यातील पहिली नोंद शके १८५७ च्या आश्विनातली, म्हणजे १९३५ ची. हिशेबी माणसाची वही असल्याने तिच्यात रसिकतेचे शब्द नाहीत. तिथी, काम, खर्च आणि शेरा असे चार रकाने आहेत. पण त्या चार रकान्यांतून माघाच्या वसंताची पूर्वतयारी जशीच्या तशी उभी राहते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी क्यारा खणायचा. वीतभर खोल माती उलटून ती सात-आठ दिवस उन्हात तापू द्यायची. बडोद्याच्या आसपास काळी माती आणि गोराडू, म्हणजे रेताड पोयट्याची माती, अशा दोन्ही जाती आढळतात. आमच्या चौकातली माती काळी आणि चिकट. म्हणून तिच्यात दरवर्षी नदीची रेती आणि कुजलेले शेणखत मिसळण्याचा खर्च वहीत पडला आहे. ‘दिवेलीचा खोळ’ म्हणजे एरंडाची पेंड, हीही नोंद दरवर्षी आहे. एरंडाच्या या मुलुखात ती स्वस्त मिळे. लव्हाळ्याच्या गाठी मात्र हाताने वेचाव्या लागत. हे काम घरातल्या मुलांचे. माझ्या वडिलांनी केले, पुढे मी केले. एक गाठ राहिली तर तिच्या दहा होतात, हे पुस्तकात वाचण्यापूर्वी मला बोटांनी शिकवले होते.

बी पेरण्याची घाई करायची नाही, असा वहीतला एक शेरा आहे. ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरण्यापूर्वी पेरले, तर कोवळी रोपे मुळाशी कुजून कोलमडतात. आश्विनाच्या वद्य पक्षात, दिवाळीच्या आधी, मातीच्या परळांत पेरणी होई. पेटुनियाचे बी धुळीसारखे बारीक. ते चिमूटभर कोरड्या रेतीत मिसळून पसरायचे आणि वर माती घालायची नाही. फ्लॉक्स आणि कॅलेंडुला यांच्यावर रेतीचा पातळ थर. स्वीट पीचे टणक बी रात्रभर भिजवून सरळ क्याऱ्यातच टोचायचे, आणि तसेच लार्कस्परही जागेवरच पेरायचे, कारण उपटून लावलेले त्याला मानवत नाही. मुंग्यांनी बी पळवू नये म्हणून परळांभोवती हळदीची रेघ. रोपे चार-सहा पानांची झाली की संध्याकाळी उन्हे उतरल्यावर ती क्याऱ्यात लावायची, आणि पुढे शेंडा खुडायचा, म्हणजे झाड फुटवे धरते.

गुलाबाचे काम याच दिवसांत. आठ-दहा दिवस पाणी तोडायचे, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना थोडी हवा द्यायची, मग धारदार कात्रीने छाटणी करून कापांना शेण लावायचे आणि खत घालून पाणी सुरू करायचे. छाटल्यापासून सहा-सात आठवड्यांत फूल येते. पहिला बहर मार्गशीर्षात येतो आणि फांद्या नीट राखल्या तर दुसरा माघात.

वहीच्या पहिल्याच पानावर आजोबांनी एक बेरीज मांडली आहे. दसऱ्यापासून वसंतपंचमीपर्यंत एकशे पंधरा तिथी, म्हणजे साधारण एकशे तेरा दिवस. त्यातून जमीन तापण्याचे आणि पेरणीची वाट पाहण्याचे दिवस वजा केले, तर झाडाच्या हाती शंभराच्या आत-बाहेर दिवस उरतात. फ्लॉक्सला पंचाहत्तर-ऐंशी दिवस लागतात, पेटुनियाला त्याहून थोडे अधिक, स्वीट पीला जवळजवळ सगळे. विलायती फुलांची पाकिटे इंग्रजी महिने सांगत होती. आजोबांनी ते महिने आपल्या सणांवर बसवून घेतले. दसऱ्याला खणणे आणि वसंतपंचमीला पहिली परडी. साहेबाच्या हिवाळी फुलांना त्यांनी अशा रीतीने पंचांगात जागा करून दिली, आणि सरस्वतीच्या पूजेत टेक्सासचे फूल गेले तरी कोणाला खटकले नाही.

वहीतील एक नोंद इतरांहून वेगळी आहे. महाराजांचे निधन ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस झाले. तो माघ महिना होता, वसंतपंचमी नुकतीच होऊन गेली होती, आणि क्याऱ्याला ऐन बहर होता. त्या आठवड्यात शेऱ्याच्या रकान्यात तीनच शब्द आहेत : ‘सर्व फुले काढली’. खर्चाचा रकाना कोरा आहे. पुढच्या आश्विनात पुन्हा खणल्याची नोंद आहे, खर्च एक रुपया चार आणे.

आजीचा मोगरा

वहीत ज्याचा उल्लेखही नाही असा भाग चैत्राच्या वसंताचा. तो आजीचा प्रांत होता आणि तिने काही लिहून ठेवले नाही. क्याऱ्याच्या दक्षिण कडेला मोगऱ्याचे एक जुने झुडूप होते. मार्गशीर्षापासून आजी त्याचे पाणी तोडत असे. पाने मलूल होऊ लागली की मला वाईट वाटे, आजी म्हणे, “त्याला निजू दे. निजल्याशिवाय ते फुलायचं नाही.” पौष सरता सरता ती त्याची उरलीसुरली पाने हातांनी ओरबाडून काढी, सुकलेल्या आणि आडव्यातिडव्या काटक्या छाटी, मुळाशी आळे करून शेणखत भरी, आणि माघात पहिल्यांदा पोटभर पाणी देई. महिन्याभरात नवी पालवी आणि तिच्या टोकांना कळ्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे यांच्या जोडीने येणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओंजळीत ओल्या हरभऱ्यांबरोबर मोगऱ्याची चार फुले पडत. ती घरचीच असत.

आश्विनातल्या खटाटोपाला खर्च होता, पाकिटे होती, वही होती. पौषातल्या या कामाला दोन हात आणि नेमकी वेळ एवढेच पुरे. मल्लिकेची निगा राखण्याचे ज्ञान आजीला तिच्या सासूकडून आले, सासूला तिच्या सासूकडून. ते किती मागे जाते याला कागदी पुरावा नाही. आणि महसूल खात्यात मी शिकलो, की ज्याला कागद नाही ते सर्वांत आधी नाहीसे होते.

पुढे काय

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले. राज्ये बदलली तरी क्यारा दर आश्विनात खणला जात होता. आजोबांनंतर वडिलांनी आणि त्यांच्यानंतर धाकट्या काकांनी वही चालू ठेवली. रकाने तेच राहिले. आण्यांचे पैसे झाले, आणि एरंडाच्या पेंडीजवळ रासायनिक खताचे नाव दिसू लागले. काका गेल्यावर नोंदी थांबल्या, तरी खणणे आणि पेरणे चालूच होते. गेल्या वर्षी तेही थांबले.

वाडा देण्याच्या निर्णयात मी सहभागी आहे; त्याबद्दल कोणाला दोष देण्याचा माझा इरादा नाही. तुळया वाळवीने खाल्ल्या आहेत, चार घरांतली मुले चार गावी आहेत, आणि क्याऱ्यासाठी वाडा राखा असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? माझ्या चुलतभावाने स्पष्टच विचारले, “दादा, तुम्ही स्वतः पंधरा वर्षांपूर्वी फ्लॅटमध्ये राहायला गेलात. मग आम्हीच इथे का राहावे?” त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मात्र गेल्या आषाढात, करार होण्यापूर्वी, मी एक काम केले होते. आजीच्या मोगऱ्याच्या दोन खालच्या फांद्या वाकवून, त्यांची साल किंचित खरवडून, मातीत दाबून वर वीट ठेवली होती. दाबकलमाला मुळे फुटायला दोन-अडीच महिने लागतात. दोन्ही फांद्यांना मुळे आली. भाद्रपदात त्या तोडून मी कुंड्यांत लावल्या आणि माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेकडील सज्जात ठेवल्या. मार्गशीर्षात पाणी तोडले. पौषाच्या अखेरीस पाने काढू लागलो, तेव्हा सुनेने घाबरून विचारले, “बाबा, हे काय करताय? झाड मरेल ना!” आजीचे उत्तर मी तिला दिले. आता हे लिहीत असताना एका कुंडीत सात कळ्या आहेत. दुसरीत पालवी आहे, कळी नाही.

त्या सभासद भगिनींनी त्याच आठवड्यात आपल्या घरच्या मोगऱ्याची छाटणी केली आणि आळे भरले, असे त्यांनी कळवले आहे. आश्विनातल्या वसंतासाठी त्यांना आजोबांच्या वहीतील पहिल्या चार पानांची छायाप्रत दिली आहे.

मंडळाच्या सभासदांना दोन विनंत्या करून हे टिपण संपवतो. बडोद्यातील जे मराठी वाडे अद्याप उभे आहेत, त्यांच्या चौकांत कोणती झाडे आहेत, ती कोणी व साधारण केव्हा लावली, त्यांना घरात कोणत्या नावाने हाक मारतात, याची यादी प्रत्येक कुटुंबाने करून मंडळाच्या दप्तरी द्यावी. वाड्यांची छायाचित्रे पुष्कळांनी काढून ठेवली आहेत. झाडांची नोंद कोणी केलेली नाही. दुसरी विनंती अशी, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना छाटणीचे, पाणी तोडण्याचे, कलमाचे दिवस विचारून ते तिथीवार लिहून काढावेत.

आमच्या वाड्याचे पाडकाम पावसाळ्यानंतर सुरू होणार आहे. म्हणजे येता आषाढ अजून हातात आहे. मोगऱ्याच्या सहा-सात फांद्या दाबता येतील असा माझा अंदाज आहे. ज्यांना कलम हवे असेल त्यांनी ज्येष्ठ अखेरपर्यंत मंडळात नाव नोंदवावे. कुंडी आपापली आणावी.